विसरकोठडी

'विझर्ड्री'ची २०२४ साली आलेली नवी आवृत्ती खेळताना मी सहा पात्रांना हॉस्टेलच्या मित्रांची नावं दिली. पश्या लढवय्या, सम्या पुरोहित, अव्या चोर (मेसमधली जास्तीची केळी तोच उचलायचा), आणि सहावा मी. दुसऱ्या मजल्यावर सहाच्या सहा मेले.

हा गेम मूळचा १९८१चा, ॲपल टू संगणकावरचा. त्यात मेलेली तुकडी पडते तिथेच राहते. तिला वर आणायला गावातून दुसरी तुकडी पाठवावी लागते. शिवाय एका तुकडीत सहाच जण मावतात, म्हणजे तीन प्रेतं आणायची तर बचावाला तिघांनीच उतरायचं. मी नवे तिघं तयार केले आणि त्यांना पहिल्या पायरीपासून वाढवत बसलो. दोन शनिवार गेले. मग प्रश्न पडला, असला नियम कुणाला सुचला असेल? पश्याला वाचवायला निघालेलाही मीच, आणि पडलेला पश्याही मीच.

उत्तर शोधताना इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या यंत्रणेपर्यंत पोचलो. १९६० साली सुरू झालेला हा संगणकावरून शिकवण्याचा प्रकल्प. सत्तरच्या दशकात एका मोठ्या मेनफ्रेमला दूरदूरची शेकडो टर्मिनल्स जोडलेली होती. नारिंगी उजेडाचे प्लाझ्मा पडदे, ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे. त्यावर जे काही चालायचं, त्याला 'लेसन' म्हणत. गेमसुद्धा धडाच. १९७५च्या सुमाराचा 'पेडिट५' हा तळघरात उतरण्याचा गेम असंच नीरस नाव घेऊन लपला होता. गेम असल्याचं लक्षात आलं की तो पुसला जायचा, आणि पुन्हा उगवायचा.

'पेडिट५' एकट्याने खेळायचा. पण 'मोरिया' (१९७५), 'ऊब्लिएट' (१९७७) आणि 'अवतार' (१९७९) हे अनेकांनी एकाच वेळी उतरायचे गेम होते. ते शक्य कसं झालं याचं कारण मला व्यवसायामुळे फार आवडतं. प्लेटोच्या 'ट्यूटर' या भाषेत 'कॉमन' नावाची सोय होती: एकच धडा उघडून बसलेल्या सगळ्यांना मिळून वापरता येईल अशी स्मृती. शिक्षकांच्या सोयीची गोष्ट. पण सामाईक स्मृती म्हणजे सामाईक जागा. मी उघडलेलं दार तुझ्याही पडद्यावर उघडं दिसू शकतं. तळघर बांधायला यापेक्षा जास्त काय लागतं?

'ऊब्लिएट' जिम श्वायगर याने लिहिला. हा शब्द फ्रेंच, 'विसरणे' या क्रियापदातून आलेला. वरून एकच झाकण असलेली कोठडी. कैद्याला आत सोडायचं आणि विसरून जायचं. गेमचं नाव हीच त्याची गोष्ट आहे, कारण एरवी त्यात गोष्ट नाहीच. राक्षस आणि जाती टोल्किन आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधून उचललेल्या, भिंती म्हणजे चार रेघा. गेम इतका कठीण की एकटा माणूस फार काळ टिकतच नाही. सोबत जमवायची, मगच उतरायचं. 'अवतार'मध्येही तेच: खाली मेलेल्याला परत आणणं हे इतर खेळाडूंचं काम. ते आले नाहीत तर तुम्ही विसरला गेलात.

या गेमांबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्यांच्याकडे आजच्या ऑनलाइन गेमचे आजोबा म्हणून बघतात. 'पहिला' कोण, याच्या याद्या करतात. मला वाटतं, त्यात मुख्य गोष्ट निसटते. या गेमांचा आशय त्यांच्या अवघडपणात आहे. तो राक्षस किती बलवान आहे यावर ठरत नाही, तुमच्यासाठी कोण रात्री जागेल यावर ठरतो.

'विझर्ड्री'चे कर्ते अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वूडहेड प्लेटोवर वावरलेले होते, आणि 'ऊब्लिएट'चं ऋण त्यांच्या गेममध्ये पावलोपावली दिसतं. ॲपल टूला जाळं नव्हतं. मग त्यांनी सहा माणसांच्या जागी सहा पात्रं ठेवली आणि नियम मात्र तसेच राहू दिले. पुढे 'विझर्ड्री' जपानला पोचला, 'ड्रॅगन क्वेस्ट'सारख्या गेमांवर त्याची छाप पडली, आणि एकाच खेळाडूने अख्खी तुकडी चालवणं ही या प्रकाराची रीत झाली. आज आपण जिला 'पार्टी' म्हणतो, ती म्हणजे उठून गेलेल्या माणसांच्या रिकाम्या खुर्च्या आहेत.

यात फक्त तोटाच झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्लेटोचं टर्मिनल विद्यापीठाच्या वर्तुळाबाहेरच्या किती जणांच्या वाट्याला आलं असतं? 'विझर्ड्री' घरोघरी गेला. त्यात कुणासाठी थांबावं लागत नाही, कुणाची परीक्षा बुडत नाही. पण एक गोष्ट बदलली. 'विझर्ड्री' मरण ताबडतोब फ्लॉपीवर लिहायचा, म्हणून लोक घाईघाईने फ्लॉपी खेचून काढायचे. स्वतःशीच तडजोड करता येत होती. प्लेटोवर तुमचं मरण दूरच्या मेनफ्रेमवर नोंदलं जायचं आणि शेजारच्या टर्मिनलवरच्या माणसाने ते पाहिलेलं असायचं. साक्षीदार असला की मरण खरं होतं, आणि वाचवणंही.

माझी बचाव तुकडी अखेर पोचली. तिघांना वर आणलं, देवळात पैसे भरले. दोघं उठले. सम्याची राख झाली. मला फारसं काही वाटलं नाही, आणि तेच खटकलं.

प्लेटो आज 'सायबर-वन' या नावाने इंटरनेटवर चालू आहे, जुन्या गेमांसकट. मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे वाढदिवसाखेरीज कुणी बोलत नाही, लिहिलं: 'अव्या, तू दुसऱ्या मजल्यावर मरून पडलायस. ४५ वर्षं जुना एक गेम आहे. एकट्याने जमत नाही.'

रात्री साडेअकराला उत्तर आलं. 'आत्ता?'