वाडा आणि खोपटे : ब्राझीलच्या परिचयाचा एक ग्रंथ

गंगापूर रोडवरील फळांच्या गाडीवर अननस दिसतो, शेजारच्या वाण्याकडे काजू मिळतो. ही दोन्ही नावे दक्षिण अमेरिकेतील तुपी लोकांच्या बोलीतून पोर्तुगिजांच्या मुखाने आपल्या भाषेत उतरली, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी असते. १५०० साली काब्रालचे जे आरमार ब्राझीलच्या किनाऱ्यास लागले, तेच पुढे कालिकतास आले. दहा वर्षांनी गोवा पोर्तुगिजांच्या हाती पडला. तेव्हा ब्राझीलचा इतिहास आपणांस सर्वस्वी परका नव्हे.

या देशाची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्याच्या हाती बहुधा प्रथम पडतो तो झिल्बेर्तु फ्रेइरे यांचा 'काझा-ग्रांदे ई सेंझाला' हा १९३३ सालचा ग्रंथ. नावाचा अर्थ 'मालकाचा वाडा आणि गुलामांची खोपटी'. राजे, लढाया व तह बाजूस सारून लेखक उसाच्या मळ्यातील स्वयंपाकघर, देवघर, दाई व अंगाईगीत यांतून राष्ट्राचे चरित्र उभे करतो. संमिश्र रक्त हे ब्राझीलचे वैगुण्य होय असे पंडित म्हणत असता, आफ्रिकी माणसाने या संस्कृतीस काय दिले हे त्याने अभिमानाने सांगितले. हे ऋण मोठे आहे.

परंतु ग्रंथाची मोहिनी हाच त्याचा दोषही होय. मालकांचे क्रौर्य फ्रेइरे लपवीत नाहीत. तरी वर्णनाच्या उबेत ते क्रौर्य विरघळून जाते, आणि वाडा व खोपटे यांत जणू जिव्हाळ्याचेच नाते होते असा भास वाचकास होतो. जेथे नकार देण्याची मुभा नाही तेथे जिव्हाळा कसला?

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. १९५१ मध्ये पोर्तुगीज सरकारच्या निमंत्रणावरून फ्रेइरे गोव्यात आले व पोर्तुगिजांच्या उष्ण कटिबंधातील विशेष सलोख्याचा सिद्धान्त त्यांनी तेथे मांडला. सालाझारच्या राजवटीस तो आयताच हाती लागला. वस्तुतः त्रिश्तांव द ब्रागांझ कुन्य यांनी १९४४ सालीच, गोमंतकीयांचे स्वत्व कसे हिरावले गेले हे आपल्या पुस्तिकेत दाखवून दिले होते. ज्या गोव्यात १५६० पासून धर्मन्यायासन चालले आणि १६८४ च्या फर्मानाने लोकांच्या बोलीवर बंदी आली, तेथील माणसास सलोख्याची ही कथा कशी पटावी?

म्हणून फ्रेइरे अवश्य वाचावे, पण एकटे वाचू नये. त्यांच्या शेजारी माशादु द आसिस (१८३९–१९०८) ठेवावा. हा मुक्त झालेल्या गुलामांचा नातू ब्राझीलच्या साहित्य अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला. १९०६ सालच्या त्याच्या एका कथेत, पोटचे मूल अनाथालयात टाकावे लागू नये म्हणून एक दरिद्री बाप पळालेली गरोदर दासी पकडून मालकास देतो. तिचा गर्भ तेथेच पडतो, याचे मूल घरी राहते. येथे लेखक कोठेही रडत नाही, उपदेशही करीत नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली संपली. पण तिने माणसांच्या मनाचे काय केले, हे या अल्प पानांत जितके कळते तितके त्या बृहद्ग्रंथात कळत नाही.

देशाची ओळख वाड्याच्या ओसरीवरून होत नाही असे नाही. ती अर्धी होते, इतकेच. उरलेली अर्धी खोपट्याच्या दारातून पाहावी लागते.