बंद स्वयंपाकघर आणि न्याहारीची पंगत

रीटा विल्यम्स-गार्सिया यांच्या ‘वन क्रेझी समर’ (२०१०) या बालकादंबरीत १९६८ च्या उन्हाळ्यात डेल्फीन, व्होनेटा आणि फर्न या तीन कृष्णवर्णीय बहिणी ब्रुकलिनहून ओकलंडला जातात, त्यांना टाकून गेलेल्या आईकडे. सेसील कवयित्री आहे. तिच्या स्वयंपाकघरात छपाईयंत्र आहे. मुलींना तिथे मज्जाव. ती त्यांना सकाळी ब्लॅक पँथरच्या केंद्रावर न्याहारीला पिटाळते.

इतिहासाचा काटेकोर वाचक इथे थबकेल. पँथरांची मोफत न्याहारी योजना ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये सुरू झाली ती जानेवारी १९६९ मध्ये. कादंबरीत ती काही महिने आधीच येते. पण चळवळ परक्यांच्या मुलांना जेवू घालते आणि त्याच चळवळीची पत्रके छापणारी आई स्वतःच्या मुलींना नाही, हा ताण या न्याहारीशिवाय उभाच राहिला नसता.

१९७२ मध्ये मुंबईत याच संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. त्यामुळे ‘पँथर’ म्हटले की मराठी वाचकाला आवेशाची भाषा आठवते. इथे पँथर आधी दिसतात ते वाढपी म्हणून.

सेसीलच्या पूर्वायुष्याची कबुली मात्र शेवटाकडे, एकाच दमात येते. ती आधीपासून झिरपायला हवी होती. तरीही लेखिका आईची बाजू मांडताना मुलींचे दुःख कमी लेखत नाही. अकरा वर्षांची डेल्फीन अखेर त्या बंद स्वयंपाकघरात शिरते आणि बहिणींसाठी रांधते. चळवळीच्या इतिहासात ज्याची नोंद होत नाही, ते हे काम.