वर्षाची बारा छायाचित्रे

दरसाल दिवाळीच्या सुमारास मी एक उद्योग करतो. वर्षभरात टिपलेली छायाचित्रे पुढे मांडून त्यांतली आवडती बारा निवडतो. आकडा माझा नव्हे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–१९८४) वर्षाकाठी बारा मोलाची चित्रे म्हणजे चांगले पीक मानीत. मग आम्हां हौशी मंडळींना दोन-तीनही पुष्कळच! पूर्वी छत्तीस चित्रांचे रीळ संपत आले की हात आपोआप आवरे; आता कॅमेऱ्यात हजारो मावतात आणि निवडीची पंचाईत मागाहून होते.

यंदा पहिला मान मी वाईच्या घाटाला दिला होता. कृष्णेवर धुके, मागे ढोल्या गणपतीचे शिखर. त्यासाठी तीन दिवस पहाटे चारला उठलो होतो. नुकतेच शेजारी राहावयास आलेले एक गृहस्थ ते पाहून म्हणाले, "कॅलेंडरवर शोभेल." राग आला, पण बोलणे खरे होते. मला चित्र नव्हे, माझे जागरण आवडले होते.

आईचे एक चित्र मी बाजूलाच टाकले होते. खिडकीशी ती वाती वळते आहे. उजेड अपुरा, बोटे हलल्याने पुसट. गृहस्थ तिथे थांबले. "हात अजून थांबलेले नाहीत," म्हणाले. आई श्रावणातच गेली. त्यांनी तिला कधी पाहिलेही नव्हते.

वाचकहो, आपली आवडती चित्रे तिथे नसलेल्या माणसाला दाखवावीत. यंदाचे माझे पीक एकच आहे, आणि ते पुरेसे आहे.