उरलेले फुलपाखरू

फुलपाखरातून किती वगळले तरी ते फुलपाखरू राहील? क्योटोचे चित्रकार कामिसाका सेक्का (१८६६–१९४२) यांचा १९०४ साली निघालेला ‘चो सेन्शू’, म्हणजे फुलपाखरांच्या सहस्र परी, हा काष्ठमुद्रांचा संग्रह पाहताना हा प्रश्न पिच्छा सोडत नाही. कुठे पंख, मिशा, ठिपके ओळखू येतात. कुठे उरतात ते केवळ सपाट रंगांचे मोजके आकार. छाया नाही, खोली नाही. तरीही फडफड जाणवते.

हे साधेपण सहज हाती आलेले नव्हे. काष्ठमुद्रेत बहुधा रंगागणिक वेगळा ठसा कोरावा लागतो आणि प्रत्येक ठसा त्याच कागदावर नेमक्या जागी उतरवावा लागतो. तपशील भरपूर असला की चूक त्यात लपते. येथे ती केसभर असली तरी उघडी पडते. सेक्का १९०१ साली ग्लासगोचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन पाहून आले होते खरे. परंतु या आकारांची मुळे जपानच्याच रिम्पा परंपरेत अधिक खोल रुजलेली आहेत, असे मला वाटते.

ख्रिस्ती चित्रकलेत फुलपाखरू पुनरुत्थानाचे चिन्ह म्हणून येते, त्यामुळे आपली दृष्टी येथेही तोच अर्थ शोधू लागते. तो या पानांवर लादू नये. अशी पुस्तके किमोनोचे कापड घडविणाऱ्या कारागिरांना नमुने पुरवीत. म्हणूनच की काय, आकारांची दाटी झाली की फुलपाखरू हरवून नुसती नक्षी उरते. जिथे कागद मोकळा राखला आहे, तिथे मात्र पंखाचा एक तुकडाही पुरतो.