परतीची वाट नसलेले नगर

संगणकावरच्या खेळाची समीक्षा दिवाळी अंकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्याच घरांतली मुले या खेळांत रमतात, त्यांवर पैसे खर्च करतात. शिवाय पुस्तकाप्रमाणेच खेळालाही कर्ता असतो, प्रकाशक असतो आणि प्रकाशकाच्या नावाला बाजारात पत असते. ती पत कशी जाते, हे पाहण्यासारखे आहे.

‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ ही अमेरिकन कंपनी ट्रिप हॉकिन्स यांनी १९८२ मध्ये काढली. खेळ रचणारा हा कलावंत आहे, त्याचे नाव वेष्टनावर झळकले पाहिजे, ही तिची सुरुवातीची भूमिका. १९९७ मध्ये तिने ‘मॅक्सिस’ ही संस्था विकत घेतली आणि विल राइट यांचा १९८९ चा ‘सिमसिटी’ तिच्याकडे आला. या खेळात शत्रू नाही, जिंकणे नाही. रस्ते आखायचे, वस्तीच्या जागा नेमून द्यायच्या, कर बसवायचे आणि नगर वाढताना पाहायचे. एकांतात बसून करण्याचे असे हे काम.

मार्च २०१३ मध्ये आलेल्या नव्या ‘सिमसिटी’ने हा एकांतच काढून घेतला. एकट्याने खेळायचे तरी कंपनीच्या सर्व्हरशी अखंड जोडलेले राहावे लागे. पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले. पैसे भरलेले लोक रांगेत ताटकळले, काहींची उभारलेली नगरे नाहीशी झाली. भरपाई म्हणून कंपनीने दुसरा एक खेळ फुकट दिला. इथवरचे सारे अपघात म्हणून सोडून देता येईल. पण खेळाची बरीच आकडेमोड आमच्या सर्व्हरवर चालते, त्यामुळे जोडणी काढणे सोपे नाही, असे समर्थन करण्यात आले; आणि थोड्याच दिवसांत एका खेळाडूने जोडणीवाचून तो चालवून दाखवला. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने स्वतःच तशी सोय दिली.

मी तो या सोयीनंतर खेळलो. दिसायला तो देखणा आहे. मांडलेल्या खेळण्यांसारखी घरे, नळांतून वाहताना दिसणारे पाणी, सुरेख संगीत. प्रत्येक रहिवासी स्वतंत्रपणे वावरतो, असा त्याचा गाजावाजा होता. खेळाडूंनी मात्र त्या रहिवाशांचा पाठलाग केला. सकाळी माणूस निघतो तो जवळच्या मोकळ्या नोकरीवर जातो, संध्याकाळी जवळच्या रिकाम्या घरात शिरतो. काल कोठे राहत होता, हे त्यालाही ठाऊक नसते! पडद्यावर दिसणारी लोकसंख्याही प्रत्यक्ष वावरणाऱ्यांहून फुगवलेली. जनगणनेचे आकडे वाचत वाढलेल्या आम्हा सीमाभागातल्या मंडळींना आकड्यातली माणसे आणि गल्लीतली माणसे यांतला फरक सांगावा लागत नाही. ज्याला परतीचे घर नाही अशांची ही वस्ती नगर नव्हे, गर्दी आहे. सर्व्हर दुरुस्त झाले तरी रचनेतला हा दोष राहिलाच.

पुढे त्याच वर्षी ‘बॅटलफील्ड ४’ असंख्य बिघाडांसह आला. २०१७ च्या ‘बॅटलफ्रंट २’मध्ये पूर्ण किमतीच्या खेळात वर नशिबाच्या पेट्या विकण्याचा घाट घातला गेला, आणि लोकांचा संताप पाहून प्रकाशनाच्या तोंडावर पैशांची ती विक्री थांबवावी लागली. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथाचे पैसे आधी भरतात. ती सवलत दिसते वाचकाला, पण खरे तर वाचकानेच प्रकाशकाच्या नावावर दिलेली ती उचल असते. या कंपनीच्या नावावर अशी उचल द्यायला पुष्कळ जुने खेळाडू आता तयार नाहीत. छापलेल्या पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावे लागले तर प्रकाशक शरमतो. येथे शुद्धिपत्रे महिनोन्महिने येत राहतात आणि तोवर अर्धा ग्रंथ पूर्ण किमतीला विकला जातो, ही माझी खरी तक्रार.

मॅक्सिसची एमरीव्हिल येथील कचेरी मार्च २०१५ मध्ये बंद झाली. त्याच महिन्यात फिनलंडमधील टांपेरेच्या ‘कलॉसल ऑर्डर’ या लहानशा संस्थेचा ‘सिटीज: स्कायलाइन्स’ आला. तो जोडणीवाचून चालतो, आणि त्यातल्या नागरिकाला नेमलेले घर आहे. याच संस्थेचा दुसरा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तो अडखळतच. चांगल्या संगणकांनाही तो पेलवेना. तो मी घेतलेला नाही. पहिलाच अजून उघडतो, एखाद्या पादचाऱ्याला निवडतो आणि त्याच्या नावापुढे लिहिलेल्या घरी तो पोचेपर्यंत पाहत बसतो.