संदेष्टे, भविष्य आणि आपलं मराठी वाचन

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील वाचकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

जुन्या करारात येणाऱ्या मशीहाविषयी जी वचनं आहेत, ती ख्रिस्ती माणूस कशी वाचतो, आणि मराठीत ती कशी वाचली गेली, हा आजचा विषय. इथे ख्रिस्ती मंडळी आहेत, वारकरी आहेत, नुसते वाचनाची आवड असलेलेही आहेत. म्हणून कोणाचा विश्वास बरोबर हे ठरवायला मी उभा नाही. मला तपासायची आहे ती वाचनाची पद्धत.

सुरुवात एका शब्दापासून करू. हिब्रूत 'नावी' म्हणतात त्याला जुन्या मराठी बायबलात 'भविष्यवादी' म्हटलं, पुढे 'संदेष्टा' हा शब्द रुळला. 'भविष्य' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंचांग आणि ज्योतिषी येतो. संदेष्टा म्हणजे निरोप घेऊन आलेला माणूस. निरोप कोणाला तरी असतो, त्याच्या त्या दिवसाच्या अडचणीत असतो. आपलं बरंचसं वाचन मात्र भविष्यवादीपाशीच अडकलंय. डावीकडे जुनं वचन, उजवीकडे नवं, मध्ये 'पूर्ण झाले' अशी कोष्टकं तुम्ही पाहिली असतील.

आता यशयाचा सातवा अध्याय बघा. नाताळात त्यातलं एकच वचन वाचतात, इम्मानुएलचं. पण अध्याय सुरू होतो राजा आहाजपासून. इसवी सनापूर्वी आठवं शतक. अराम आणि उत्तरेकडचं इस्राएल हे दोघे मिळून यरुशलेमवर चालून आलेत, राजा घाबरलाय. यशया त्याला म्हणतो, घाबरू नकोस, एक मूल जन्माला येईल, आणि त्याला बरं-वाईट कळायच्या आत या दोन राजांचा देश ओस पडेल. हा निरोप आहाजला आहे. सातशे वर्षांनंतरच्या जन्माने त्याची त्या दिवसाची भीती कशी जाणार?

त्या वचनातला हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात 'पार्थेनोस' आला, म्हणजे पुरुषस्पर्श न झालेली, आणि मत्तयाने तोच घेतला. प्रचलित मराठी बायबलात 'कुमारी' आहे. गंमत अशी की आपला 'कुमारी' दोन्हीकडे झुकतो. शाळेच्या हजेरीपटात मुलीच्या नावामागे 'कु.' लावतो तेव्हा आपण फक्त ती अविवाहित मुलगी आहे एवढंच सांगतो. म्हणजे मराठी वाचकाला दोन्ही अर्थ ऐकू येऊ शकतात. ते ऐकू द्यावेत. घाईने एक दाबू नये.

मग मत्तय चुकला का? मला तसं वाटत नाही. त्याचीच रीत नीट पाहा. बाळ येशू मिसरातून परत येतो तिथे मत्तय होशेयचं वचन देतो आणि ते पूर्ण झालं म्हणतो. होशेयच्या अकराव्या अध्यायात जाऊन पाहा, तिथे भविष्य नाहीच! इस्राएल लोक मिसरातून निघाले त्या जुन्या घटनेची ती आठवण आहे. मत्तय यहुदी परंपरेत मुरलेला माणूस, त्याला हे ठाऊक नसेल असं होत नाही. म्हणजे त्याच्या लेखी 'पूर्ण होणं' आणि 'भाकीत खरं ठरणं' एक नव्हे. भाकीत खरं ठरलं की संपतं. भांडं भरतं तेव्हा ते भांडं राहतंच. जुनी गोष्ट येशूत पुन्हा घडली, भरून आली, असं तो म्हणतोय. ही श्रद्धेची साक्ष आहे. कोष्टक करणारे तिचा पुरावा करायला जातात आणि तिला दुबळी करतात.

मराठीत या विषयाचं सर्वांत मोठं काम फादर थॉमस स्टीफन्स यांचं. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. त्यातलं पहिलं पुराण, ३६ अवस्वरूंचं, जुन्या करारावर आहे, आणि ५९ अवस्वरूंचं दुसरं येशूवर. एवढी जागा त्याने जुन्या कराराला दिली हे मला फार मोलाचं वाटतं. कोष्टकात वाट पाहणं नसतं, ओवीत असतं. पिढ्यान् पिढ्या तारणाऱ्याची वाट पाहणारे लोक मराठी श्रोत्याला तिथे भेटतात.

पण उणीवही तिथेच आहे. पहिलं पुराण दुसऱ्याची ओसरी होऊन बसतं. ज्यांची ती कथा, ते यहुदी दुसऱ्यात शिरल्यावर 'न ओळखणारे' एवढेच उरतात.

आणि ते यहुदी काही लांबचे नाहीत. कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली', मराठीच बोलतात. आपल्या ठाणे शहरात १८७९ पासून त्यांचं सभास्थान आहे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. आशा ही, की हिब्रू वाचतील आणि ख्रिस्ताकडे येतील. ते हिब्रू शिकले, आणि बहुतेक सगळे अधिक जाणते यहुदी झाले. १८७४ साली पुण्यात मराठीसह हग्गादा छापली, पुढे मराठीत कीर्तनंही रचली. मलाखीच्या शेवटी एलीया येईल असं वचन आहे. ख्रिस्ती माणूस तिथे बाप्तिस्मा करणारा योहान वाचतो. बेने इस्राएल घरात आजही एलियाहू हन्नाबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा होतो. वचन एक, भाषा एक, वाचनं दोन, आणि दोन्ही जिवंत.

हे ख्रिस्ती माणसाला कसं समजावं? ना. वा. टिळकांचं उदाहरण घेऊ. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. फार प्रांजळ, सुंदर गोष्ट. पण समोरच्या वारकऱ्याला विचारा. त्याच्यासाठी तुकोबा पूल नाहीत, घर आहेत. आपल्या घराला दुसऱ्याने पूल म्हटलं की आत काहीतरी दुखतं. यशयाला आपण नुसता पूल म्हणतो तेव्हा यहुद्याला तेच दुखतं.

तुम्ही शहापूरकर तर हे चटकन ओळखाल. तानसा १८९२ सालचं, मग भातसा. पाणी मुंबईला जातं, जाऊ दे, तहान सगळ्यांनाच आहे. पण उन्हाळ्यात धरणाशेजारच्या पाड्यात हंडा रिकामा राहतो तेव्हा आपण विचारतो ना, उगमावर आमचा काही हक्क आहे की नाही?

अजून एक नुकसान होतं, ते मला सर्वांत मोठं वाटतं. मीखाच्या पाचव्या अध्यायातलं बेथलेहेम नाताळात सगळे वाचतात. त्याच मीखाचा दुसरा अध्याय गरिबांची शेतं बळकावणाऱ्यांवर आहे, तो कोण वाचतं? आमोस गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकणाऱ्यांवर कडाडतो. उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांच्यासाठी हा निरोप शिळा झालेला नाही. संदेष्ट्याचा ज्योतिषी केला की हा निरोप गळून पडतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. वचन वाचायचं तर अख्खा अध्याय वाचा. पहिला श्रोता कोण, हे आधी विचारा. मग ख्रिस्ती असाल तर तुमचा ख्रिस्त तिथे जरूर पाहा. हा प्रश्न अश्रद्धेचा नाही. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात कूशी अधिकारी रथात यशयाचा त्रेपन्नावा अध्याय वाचत असतो. तो फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्प त्याला रागावत नाही. त्याच वचनापासून बोलायला सुरुवात करतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.