भिंतीतला संगणक आणि पाठीशी उभी ताई

‘मुले यंत्रावरून आपली आपण शिकतात’ असे म्हणणाऱ्यांचा एक आवडता दाखला म्हणजे डॉ. सुगत मित्रा यांचा प्रयोग. २०२० साली शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आला आणि या विधानाचा थेट संबंध आपल्या रोजच्या कामाशी जुळला. म्हणूनच तो प्रयोग नेमके काय सांगतो, हे शिक्षकांनी एकदा बारकाईने पाहिले पाहिजे असे आम्हाला वाटते.

१९९९ च्या जानेवारीत दिल्लीतील कालकाजी भागात, एनआयआयटीची कचेरी आणि शेजारची झोपडवस्ती यांच्यामधल्या भिंतीत एक संगणक बसवण्यात आला. कोणी काही शिकवले नाही. तरी वस्तीतली मुले तो हाताळू लागली आणि एकमेकांना शिकवूही लागली. मुलांच्या कुतूहलाचा आणि आपसांत शिकण्याचा हा पुरावा मोलाचा आहे. त्याला उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही.

खरा प्रश्न पुढच्या टप्प्यावर उभा राहतो. संगणक हाताळता येणे आणि विषय समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मित्रा यांनी दक्षिण भारतातल्या काळिकुप्पम या खेड्यात अधिक अवघड प्रश्न घेतला. तमिळ बोलणारी मुले केवळ संगणकावरील इंग्रजी मजकुरातून रेणवीय जीवशास्त्र शिकतील का? ऋतू डांगवाल यांच्यासह त्यांनी हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध केले. मुलांचे गुण जवळपास शून्यावरून सुमारे ३० टक्क्यांवर गेले आणि तिथे अडले. मग त्यांच्या ओळखीच्या एका तरुणीला मदतीला घेतले. हिशेबाचे काम करणाऱ्या या ताईला जीवशास्त्र येत नव्हते, पण मुलांशी तिची गट्टी होती. तिने मुलांच्या मागे उभे राहायचे, ‘हे कसे केलेस?’, ‘पुढे काय आहे?’ असे आजीच्या कौतुकाने विचारायचे, एवढेच तिचे काम. आणखी दोन महिन्यांत गुण सुमारे ५० टक्क्यांवर पोचले. शहरातल्या खासगी शाळेत विषयशिक्षकांकडून शिकणाऱ्या मुलांच्या बरोबरीचे हे गुण होते.

भाषणांतून आणि लेखांतून पहिले ३० टक्के गाजले. आमच्या मते या प्रयोगाचा गाभा पुढच्या २० टक्क्यांत आहे. यंत्र तेच होते, मजकूर तोच होता. भर पडली ती एका माणसाची. मूल काय करते आहे याची मनापासून चौकशी करणारे कोणी तिथे आले.

अर्थात, शास्त्रीय कसोटी इथेही लावायला हवी. त्याच मुलांना दोन महिने जादा मिळाले. गुण वेळेमुळे वाढले की ताईमुळे, हे वेगळे काढायचे तर ताईविना तेवढेच दिवस शिकणारा दुसरा गट हवा होता. शिवाय भिंतीतले संगणक दीर्घकाळ टिकतात का, हाही प्रश्न आहे. पायल अरोरा यांनी अल्मोडा आणि हवालबाग इथल्या केंद्रांचा मागोवा घेतला, तेव्हा तिथे त्यांचा फारसा मागमूस उरलेला नव्हता. यंत्र आणून ठेवणे सोपे असते. ते जिवंत ठेवायला त्यात मन गुंतलेली माणसे लागतात.

माणसाची ही गरज कशामुळे, याचे उत्तर विज्ञानाच्या तासाला रोज सापडते. उन्हाळा का होतो, असे विचारले तर पुष्कळ मुलांच्या मनात उत्तर असते, ‘पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून.’ प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या ऐन थंडीत. पडद्यावरच्या चार पर्यायांतून ‘अक्षाचा कल’ हा पर्याय मूल पाठांतरानेही निवडते. यंत्र ‘बरोबर’ म्हणते आणि मनातली चुकीची कल्पना जागच्या जागी राहते. ती बाहेर येते ‘तुला असे का वाटते?’ या प्रश्नाने, आणि तीही ‘चुकलो तरी हसणार नाहीत’ असा विश्वास असेल तरच. शिक्षक-विद्यार्थी नाते हा शिकण्याला लावलेला भावनिक मुलामा नव्हे. चूक शोधण्याचे ते साधन आहे.

मोठ्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नोंदणी करणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पुष्कळजण नुसते डोकावायला येतात हे खरे, त्यामुळे सगळा दोष शिक्षकाच्या अनुपस्थितीला देता येणार नाही. पण उत्तम व्याख्यान उपलब्ध झाले की शिक्षण झाले, हा समज मात्र या आकड्यापुढे टिकत नाही.

या प्रयोगाचा एक उलटा अर्थही काढला जाण्याची भीती आहे. ताईला विषय येत नव्हता, मग विषयशिक्षक हवाच कशाला? पडदा लावा, देखरेखीला कोणीही ठेवा! हा निष्कर्ष चुकीचा आहे. शहरातल्या मुलांनी जे विषयशिक्षकांकडून मिळवले, तिथवर ताईची मुले पोचली. त्याच्या पुढे गेली नाहीत. विषयाची जाण आणि मुलांविषयीची आस्था एकाच माणसात असेल तर काय घडेल, हे या प्रयोगाने तपासलेच नाही. ते तपासण्याची जागा आपला वर्ग आहे.

तेव्हा ऑनलाइन तास घ्यावा लागला, तर धडा सांगण्याचा वेळ थोडा कमी करावा. धडा ध्वनिचित्रफितीतूनही मिळतो. वाचलेल्या वेळात चार-पाच मुलांना नावाने हाक मारावी आणि उत्तर विचारण्याऐवजी ते उत्तर कसे सुचले हे विचारावे. गैरहजर मुलाच्या घरी एक फोन करावा. ज्या घरात मोबाइल नाही, तिथे वहीत दोन ओळींचा शेरा लिहून पाठवावा. काळिकुप्पमच्या ताईने याहून अवघड असे काही केले नव्हते.